तिसऱ्या घाटाचा उतार

मी सायकल बोलतेय. इकडेतिकडे शोधू नका, वर बघा. जेवणाच्या टेबलाच्या डोक्यावर, भिंतीत ठोकलेल्या दोन खुंट्यांवर मला टांगलंय. पुढचं चाक धरणारा माझा चिमटा वाकलाय, त्या चाकावर टायर नाही, आणि दोन्ही चाकं अधांतरी. पायाखाली जमीन नसलेल्या सायकलीनं दिवसभर करायचं काय? खालच्यांचं बोलणं ऐकायचं. ते मी पुष्कळ ऐकलंय आणि आता पोटात मावत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

जन्माचं कौतुक फारसं नाही. कारखान्यात झाला, माझ्यासारख्या शेकडो जणींबरोबर. नळ्या जोडल्या, निळा रंग फासला, रेसच्या सायकलीचं असतं तसं वाकडं हँडल बसवलं आणि खोक्यात भरलं. एका साहेबांनी मला विकत घेतलं. डॉक्टरांनी त्यांना पोट कमी करायला सांगितलं होतं. साहेब आठवडाभर हौसेनं फिरले, मग त्यांचा गुडघा दुखायला लागला आणि माझ्या हँडलवर टॉवेल वाळायला लागले. व्यायामाची वस्तू घरात आणली की अर्धा व्यायाम झाला असं माणसांना वाटतं. उरलेला अर्धा ती वस्तू करते, धूळ खात उभी राहून.

पुढे साहेबांनी घर बदललं. सामान हलवायला दोन भाऊ आले. त्यांचा धंदाच तो. एक टेम्पो, जाड दोर, गोधड्यांची चळत आणि चार हात. मोठ्याला सगळे थोरला म्हणायचे आणि लहानाला धाकटा, म्हणून मीही तेच म्हणते. थोरला सडपातळ, डोळ्यांत तेल घालून बघणारा. धाकटा आडदांड, हसरा, आणि बेसूर गाणारा. इतका बेसूर की माझी घंटीसुद्धा बरी.

लिफ्टमध्ये न मावणारं कपाट जिन्यानं उतरवायचं म्हणजे काय असतं, ते मी त्या दिवशी बघितलं. धाकटा खाली, थोरला वर. वजन सगळं खालच्यावर येतं, म्हणून ताकदीचा माणूस खाली. पण तो उलट्या पावलांनी उतरत असतो, त्याला पाठीमागची पायरी दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे वरचा माणूस. थोरला वरून सांगत राहायचा, "डावीकडे घे. एकच पायरी राहिली. आता सपाट आहे." आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर म्हणायचा, "टेक." की दोघं कपाट अलगद खाली टेकवायचे, हात झटकायचे, श्वास घ्यायचे आणि पुन्हा उचलायचे.

टेक हा त्यांचा धंद्यातला शब्द. त्यांचे वडीलही हेच काम करायचे, त्यांच्यापासून चालत आलेला. वरच्यानं टेक म्हटल्याशिवाय खालच्यानं टेकवायचं नाही, कारण जागा सपाट आहे की नाही हे त्याला दिसत नसतं. हात तुटायला आले तरी धाकटा आपणहून टेकवायचा नाही. वरून शब्द येणार याची त्याला खात्री असायची, आणि तो यायचाच.

शेवटी साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "ही नको. हवी तर तुम्ही घेऊन जा." धाकट्यानं मला खांद्यावर टाकलं आणि गाणं म्हणत सगळा जिना उतरला. मला वाटलं, चला, टॉवेलातून सुटका झाली.

धाकट्यानं मला माणसांत आणलं. तेल घातलं, ब्रेकचे रबर बदलले, मागे कॅरिअर बसवलं. रेसच्या सायकलीला कॅरिअर म्हणजे जरा अपमानच होता, पण त्याच्यासाठी मी तो गिळला. लग्न केलेलं नव्हतं त्यानं. घरी आई, दादा आणि वहिनी, आणि कामाच्या वेळेखेरीज मी. चढावर तो जोर लावायचा तेव्हा माझ्या साखळीला आपण कशासाठी जन्मलो ते कळायचं. त्याचं बघून थोरल्यानंही एक जुनी सायकल घेतली. दोघं सुट्टीच्या दिवशी गावाबाहेर जायला लागले.

एकदा डोंगरापलीकडच्या एका गावात सामान पोचवायचं काम आलं. टेम्पो तीन घाट चढून रडतखडत पलीकडे गेला. परत आल्यावर धाकटा मला पुसता पुसता थोरल्याला म्हणाला, "दादा, त्या रस्त्यानं एकदा रिकाम्या हातानं जायचं. कुणाचं कपाट नाही, पलंग नाही. नुसते आपण दोघं."

थोरला म्हणाला, "जाऊ." आणि दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन आला.

त्यानंतरच्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी होत्या. टेबलावर नकाशा पसरलेला, चार कोपऱ्यांवर मिठाची बरणी, पेला, कात्री आणि धाकट्याचं कोपर. रस्ता वळणावळणांचा, तो पट्टीनं मोजता येईना, म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा रस्त्यावर अंथरायचा आणि मग सरळ करून मोजायचा. मी भिंतीला टेकून उभी. आई खुर्चीत बसून विचारायची, "कसला घाट घातलाय रे दोघांनी?"

"तीन घाटांचा घाट घातलाय, आई," धाकटा म्हणायचा. आई प्रत्येक वेळी हसायची. विनोद तोच आणि हसूही तेच. आईच्या डोक्यातून तेव्हाच थोडंथोडं गळायला लागलं होतं, ऐकलेला विनोद तिला नवा वाटायचा. पण ते तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

थोरल्यानं लाल पेन्सिलनं सगळे चढ रंगवले. कुठला चढ सकाळच्या गारव्यात घ्यायचा, कुठं पाणी मिळेल, कुठं तंबू ठोकायचा, पहिल्या मुक्कामी किती दमलेले असू, सगळं. वहिनीनं ताटं मांडता मांडता विचारलं, "आणि उतरताना?"

"उताराचं काय बघायचंय?" थोरला म्हणाला. "पेडलवर पाय ठेवायचे आणि बसायचं."

"वहिनी, उतार म्हणजे भरपगारी सुट्टी," धाकटा म्हणाला. मीही मनातल्या मनात हसले. जन्मभर जिने चढून उतरलेली माणसं ही, यांना मी काय शिकवणार?

निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधलं. तंबू, स्टोव्ह, भांडी, हत्यारं, पांघरुणं. वाटणी करताना कुणी विचारसुद्धा केला नाही. जड ते धाकट्याकडे. धंद्यातली रीत, ती हाताला लागलेली. सगळं माझ्या कॅरिअरवर चढलं. थोरल्याच्या सायकलीवर पाणी, खाण्याच्या पुड्या आणि नकाशा. रिकाम्या हातानं जायचं म्हणणारा धाकटा, आणि घरातलं अर्धं स्वयंपाकघर माझ्या पाठीवर लादून निघाला.

पहिला घाट चढला. दुसराही चढला. ते दोन्ही घाट लहान, त्यांचे उतारही लहान, खाली पोचेपर्यंत काही कळलं नाही. त्यामुळे उतार फुकटचा असतो हे दोघांच्या डोक्यात आणखीच पक्कं बसलं. तिसरा घाट मात्र दांडगा होता. धाकटा तो बेसूर गात चढला. माथ्यावर मला दगडाला टेकवून तो बराच वेळ दादाची वाट बघत बसला. थोरला धापा टाकत पोचला तेव्हा धाकटा म्हणाला, "दादा, इथं आईला आणायला हवं होतं. टेम्पोत बसवून." मग दोघंही लांबवर बघत राहिले. माणसं इतकी सुखात असलेली मी पुन्हा बघितली नाहीत.

मग उतरायला लागलो. धाकटा पुढे, म्हणजे खाली. थोरला मागे, म्हणजे वर. जिन्यावर असायचे तसेच.

पाठीवर ओझं असलं की सायकल उतारावर अंगात आल्यासारखी धावते. धाकट्याला ब्रेक सोडताच येईना. तो सतत दाबून धरलेला. रबर घासून घासून माझी पुढची रिम तापली, इतकी की हात लावला असता तर फोड आला असता. जळक्या रबराचा वास सुटला. वाटेत एक वळण आलं, बाजूला मोकळी सपाट जागा असलेलं. जिन्याच्या वळणावर असते तशी. तिथं थांबलो असतो, रिम निवू दिली असती, तर मी आज रस्त्यावर असते आणि तो माझ्यावर. थोरला मागेच होता. वास त्यालाही येत होता, हे त्यानं नंतर बायकोला सांगितलं. पण जो शब्द जिन्याच्या दर वळणाला त्याच्या तोंडून आपोआप निघायचा, तो तिथं निघाला नाही. उतार म्हणजे काम नाही, असं त्यानं ठरवून टाकलेलं. आणि वरून शब्द आल्याशिवाय खालचा थांबत नाही. सायकलीला ब्रेक असतात, जीभ नसते.

पुढच्या वळणावर त्या तापलेल्या रिमवरची माझी ट्यूब फुटली. हँडल त्याच्या हातात राहिलं नाही. कठडा बुटका होता. मी कठड्याच्या अलीकडे पडले आणि तो पलीकडे गेला.

मी घरी टेम्पोतून आले. दुसऱ्यांची कपाटं ज्या गोधड्यांत गुंडाळायचे, त्याच गोधडीत गुंडाळून.

आता पुढचं ऐका, कारण खरं दुःख त्यानंतर सुरू झालं. आईला सांगितलं. आई रडली, जमिनीवर डोकं आपटून रडली. दोन दिवसांनी तिनं विचारलं, "धाकटा कुठाय?" पुन्हा सांगितलं. ती पुन्हा पहिल्यासारखीच रडली, कारण तिच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा थोरला तोंड उघडणार तोच वहिनी त्याला स्वयंपाकघरात ओढून घेऊन गेली. तिचं बोलणं मला ऐकू आलं. "अहो, किती वेळा मारायचा त्याला आईंसमोर?"

थोरला बाहेर आला आणि म्हणाला, "घाटात आहे, आई. येईल."

"अजून घाटात? आणि सायकल तर इथं दिसतेय."

थोरल्यानं माझ्याकडे बघितलं. "ही जुनी झाली. तो नवी घेऊन गेलाय."

माझ्या तोंडावर मला जुनी ठरवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी तेही गिळलं. त्याच दिवशी त्यानं भिंतीत खुंट्या ठोकल्या आणि मला वर टांगलं, आईच्या सहज नजरेला पडू नये म्हणून.

तेव्हापासून रोज संध्याकाळी टेबलावर पुन्हा नकाशा. मिठाची बरणी, पेला, कात्री आणि चौथ्या कोपऱ्यावर थोरल्याचाच हात. आई खुर्चीत. "कुठवर आला?" मग थोरला बोट ठेवून सांगायचा. आज पहिल्या घाटाच्या पायथ्याशी मुक्काम केला. आज पाऊस लागला म्हणून थांबला. आज दुसरा घाट चढला, गात गात. आई ऐकायची, कधी म्हणायची, "जेवला का नीट?" थोरला म्हणायचा, "दोनदा जेवला." तेवढं मात्र अगदी खरं वाटायचं.

असं करत करत धाकटा तिसऱ्या घाटाच्या माथ्यावर पोचला. आणि तिथंच राहिला. थोरल्याचं बोट माथ्यापासून खाली सरकेना. आज धुकं आहे. आज रस्ता बंद आहे, दरड पडलीय. आज हवा छान आहे म्हणून मुक्काम वाढवला. आई विचारायची, "उद्या उतरेल ना?" थोरला म्हणायचा, "उद्या उतरेल."

तो उद्या काही येईना. इकडे धंदा बसला. जिन्याचं काम आलं की थोरला नाही म्हणायचा. धाकट्याच्या जागी एक माणूस ठेवून बघितला, पण पहिल्याच वळणावर थोरल्याच्या तोंडून शब्द फुटेना आणि कपाट भिंतीवर आदळलं. मग टेम्पो दारात उभा राहिला तो राहिलाच. वहिनी एकदा त्याला म्हणाली, "तुम्ही आईंसाठी करताय असं म्हणता. पण आई झोपल्यावरसुद्धा तुम्ही त्या नकाशासमोर बसलेले असता. त्याला तिथून हलवा हो आता. नाहीतर तुम्हीही तिथंच राहाल." धाकटा माथ्यावर होता तोवर जिवंत होता, एवढंच थोरल्याला कळत होतं. खाली आणायचं म्हणजे त्या वळणावरून आणायचं.

आणि मग एका संध्याकाळी आईच म्हणाली. त्या दिवशी तिनं "कुठवर आला" असं विचारलंच नाही. ती म्हणाली, "किती दिवस वर ठेवणार आहेस त्याला? थंडी असेल तिथं. खाली आण."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. थोरल्यानं बराच वेळ हात चोळले. मग त्यानं डब्यातून निळी पेन्सिल काढली. लाल रंगानं चढ भरलेले होते, उताराच्या बाजूला नकाशा कोरा होता. त्यानं पहिल्यांदाच त्या कोऱ्या बाजूला पेन्सिल टेकवली आणि हलक्या आवाजात सांगायला लागला.

"माथ्यावर आम्ही सामान सोडून पुन्हा वाटून घेतलं, आई. तंबू माझ्याकडे घेतला. स्टोव्ह, भांडी माझ्याकडे. हत्यारं निम्मी निम्मी. त्याची सायकल हलकी केली. मग निघालो. तो पुढे, मी मागे. पहिल्या वळणाला मी म्हटलं, टेक. तो थांबला. रिमवर पाणी शिंपडून बघितलं, फार तापली नव्हती. पुन्हा निघालो. पुढं मोकळी जागा आली, तिथं म्हटलं, टेक. तिथं तर बराच वेळ बसलो. त्याला भूक लागली होती. मग पुढचं वळण." इथं त्याची पेन्सिल थांबली. "ते वळण आम्ही चालत घेतलं, आई. सायकली हातात धरून. तिथं कठडा बुटका आहे. तो म्हणाला, दादा, तू फारच घाबरतोस. मी म्हटलं, असू दे. आणि पोचलो खाली. दोघंही."

निळी रेघ पायथ्याच्या गावापर्यंत आली होती. वहिनीनं पदर तोंडाला लावला. मी भिंतीवरून सगळा रस्ता बघितला आणि माझ्याच्यानं राहवेना. असा उतरलो असतो तर.

आई त्या रेघेकडे बघत होती. तिचे डोळे कित्येक महिन्यांत नव्हते इतके स्वच्छ होते. ती म्हणाली, "एवढं सगळं येत होतं तुला. मग तेव्हा टेक का नाही म्हणालास?"

तिला आधीपासून ठाऊक होतं, की त्याच घटकेला सगळं आठवलं, ते मला सांगता यायचं नाही. ती रागावलेली नव्हती. जन्मभर तो शब्द आधी नवऱ्याच्या आणि मग मुलाच्या तोंडून ऐकलेली बाई ती, तिनं साधा प्रश्न विचारला होता. थोरल्यानं टेबलावर डोकं ठेवलं आणि तो रडला. इतक्या दिवसांत तो रडलेला मी बघितलाच नव्हता. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि त्याला दूरही सारलं नाही. ती नुसती बसून राहिली, मग वहिनीनं तिला उठवून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई खुर्चीत येऊन बसली. टेबलावर नकाशा नव्हता. कालचं सगळं तिच्या डोक्यातून गळून गेलं होतं. तिनं विचारलं, "धाकटा कुठवर आला?"

थोरला खोटं बोलेना आणि खरंही बोलेना. त्यानं एकदा वर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "टेकलाय, आई."

"टेकलाय?" आईनं मान हलवली. "बरं. टेकू दे. दमला असेल."

आता रोज एवढंच बोलणं होतं. आई विचारते, थोरला सांगतो, आई मान हलवते. थोरला पुन्हा कामाला जायला लागलाय, पण तळमजल्यावरचीच कामं घेतो. हसणं या घरात परत आलेलं नाही, ते येईल असं मला वाटतही नाही. नकाशा कुठं ठेवलाय ते मला माहीत नाही आणि कुणाला विचारायची सोय नाही.

तुम्ही कुठं डोंगरातून सायकलनं जायचं ठरवत असाल, टेबलावर नकाशा पसरून बसला असाल, तर माझं एवढं ऐका. चढ अंगातली रग काढेल, पण तो तुम्हाला थांबवतो. उतार थांबवत नाही. तिथं कुणी कुणाला टेक म्हणायचं, ते घरातून निघतानाच ठरवा.

आणि कधी या घरी आलात, तर थोरल्याला माझा एक निरोप द्या. मला दुरुस्त करू नकोस म्हणावं, विकूही नकोस. टायर नको, रंग नको. पण आई आता सायकलीचं विचारत नाही, मला लपवायचं कारण उरलेलं नाही. तू धाकट्याला टेकवलंस. आता मला खुंटीवरून काढ आणि एकदा जमिनीला टेकव.